धरावें कीं मारावें : एका वधाचा शोध व शोधकांची भाऊबंदकी

श्रीमंत नारायणराव पेशवे यांचा शनिवारवाड्यांत ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं वध झाला, एवढी गोष्ट निर्विवाद आहे. त्याच्या पुढें पाऊल टाकलें कीं वादास आरंभ होतो. आज्ञा कोणाची, कागद कोणाचा, कागदावर अक्षरें कोणतीं, तीं कोणीं फिरविलीं, कोणास आधीं ठाऊक होतें आणि ठाऊक असून कोण स्वस्थ बसलें, या प्रश्नांवर अडीचशें वर्षें खल चालला आहे. त्या वधाचा निकाल लावण्याचा प्रस्तुत लेखांत आमचा मानस नाहीं. त्या वधाचा शोध करणाऱ्या मंडळींत आपसांत जी तेढ माजली, तिनें शोधाचें काय झालें, हें पाहण्याचा हेतु आहे. या तेढींत आमचाही एक लहानसा व फारसा भूषणावह नसलेला वांटा आहे. तो शेवटीं सांगूं.

प्रसंग वाचकांस परिचित आहे. तरी अनुसंधानासाठीं थोडक्यांत सांगतों. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें वारले. धाकटे बंधु नारायणराव यांस पेशवाई मिळाली तेव्हां त्यांचें वय अवघें सतरा वर्षांचें होतें. चुलते रघुनाथराव ऊर्फ दादासाहेब यांच्याशीं त्यांचें जमलें नाहीं व दादासाहेब वाड्यांतच नजरकैदेंत पडले. भाद्रपदांत, गणपतीच्या दिवसांत, थकलेल्या पगाराचा गवगवा करीत गारदी वाड्यांत शिरले. सुमेरसिंग, महंमद इसफ, खरकसिंग हे त्यांचे म्होरके. दादासाहेबांचा सेवक तुळाजी पवार त्यांस सामील. नारायणराव धांवत जाऊन चुलत्यास मिठी मारून बसले. तेथेंच ते मारले गेले, आणि त्यांस पाठीशीं घालूं पाहणारा चापाजी टिळेकर हा सेवकही त्यांच्याबरोबर मेला. त्याच दिवशीं हरिपंत फडके यांस बंदोबस्ताची ताकीद मिळाली होती, परंतु हरिपंत मित्राकडे जेवावयास गेले, असें ग्रँट डफ लिहितो. ही एवढीशी ओळ आम्हांस त्या सर्व हकीकतींत अधिक भयंकर वाटते. कट करणारे कट करणारच, पण जेवण!

तपास रामशास्त्री प्रभुणे यांनीं केला. डफाच्या म्हणण्याप्रमाणें सुमारें सहा आठवड्यांत त्यांच्या हातीं पुरावा आला. मूळ कागदांत नारायणरावास ‘धरावें’ असा शब्द होता, तो पालटून ‘मारावें’ असा केलेला आढळला, आणि हा पालट दादासाहेबांची पत्नी आनंदीबाई हिनें केला अशी सर्वांची समजूत आहे, असें तो सांगतो. त्याच्याच शेजारीं तो दुसरी गोष्ट देतो, ती अशी कीं दादासाहेबांनीं प्रायश्चित्त विचारलें तेव्हां शास्त्रीबोवांनीं देहान्ताहून दुसरें प्रायश्चित्त नाहीं असें तोंडावर सांगितलें व पुणें सोडून ते वाईनजीक एका खेड्यांत जाऊन राहिले. या दोन्ही गोष्टी महाराष्ट्रांतील प्रत्येक शाळकरी मुलास पाठ आहेत. त्या एकमेकींशीं कितपत जुळतात, हा विचार मात्र फारसा कोणीं केलेला नाहीं. त्याकडे आम्ही मागाहून वळूं.

डफाचा ग्रंथ १८२६ सालीं प्रसिद्ध झाला. तो स्वतः १८१८ पासून कांहीं वर्षें साताऱ्यास होता. १७७३ मध्यें विशींत असलेला माणूस तेव्हां पासष्टीच्या घरांत असणार, म्हणजे त्यास प्रत्यक्षदर्शी भेटणें अशक्य नव्हतें; परंतु खुद्द रामशास्त्री १७८९ सालींच निवर्तले होते. आणि तो कागद? त्यानंतर एवढीं दप्तरें उघडलीं, एवढे खंड छापले गेले. ‘धरावें’ चें ‘मारावें’ केलेला तो कागद आजवर कोणीही छापून पुढें ठेविलेला नाहीं. आम्ही संस्कृताचे विद्यार्थी. पाठभेद म्हटला कीं तो कोणत्या पोथींत, हा पहिला प्रश्न विचारण्याची आम्हांस संवय. येथें पाठभेद जगप्रसिद्ध आहे आणि पोथी नाहीं! शिवाय ‘ध’ चा ‘मा’ एका फटकाऱ्यानें होत नसतो. अक्षर पालटावयाचें आणि वर काना द्यावयाचा. तोही मोडींत, जेथें रेघ आधीं ओढून अक्षरें तिच्याखालीं एकमेकांस खेटून लिहितात व शब्दाशब्दांत जागा सोडीत नाहींत. तरी ही कथा भाषेंत इतकी रुजली कीं कोणीं मजकुरांत लबाडी केली म्हणजे त्यानें ‘ध चा मा’ केला असेंच आपण म्हणतों. खाडिलकरांचें ‘भाऊबंदकी’ नाटक १९०९ सालीं रंगभूमीवर आलें, आणि त्यानंतर लोकांस कागदाची गरजच उरली नाहीं.

अस्सल साधनें पाहूं जातां तींही निःपक्षपाती नाहींत. बारभाईंनीं दादासाहेबांस पदच्युत केलें, तें याच वधाच्या आरोपावर. १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नांवें त्यांनीं कारभार हांकला. तेव्हां दादासाहेब सर्वस्वी दोषी ठरण्यांत त्यांचें हित होतें. उलट मुंबईकर इंग्रजांनीं ६ मार्च १७७५ रोजीं सुरतेस दादासाहेबांशीं तह केला. आपण पुतण्याच्या मारेकऱ्यास पाठीशीं घालीत आहों असें म्हणणें त्यांस परवडण्यासारखें नव्हतें. वधाच्या वेळीं त्यांचा वकील मॉस्टिन पुण्यांतच होता. मुंबईकरांचें त्या काळांतील दप्तर फॉरेस्ट यांनीं १८८५ सालीं मराठा-प्रकरणाच्या निवडींत छापलें आहे. सारांश, एक बाजू फिर्यादीची व दुसरी जामिनाची. त्रयस्थ कोणी नाहीं. अशा खटल्यांत संशोधकानें काय करावें? सर्व बाजूंचे कागद एका पाटावर मांडावे, तारीखवार लावावे, आणि मग बोलावें. तेंच झालें नाहीं.

कां झालें नाहीं, हें सांगतांना ज्यांच्या पायांशीं बसण्याचीही आमची योग्यता नाहीं अशा थोरांचीं नांवें घ्यावीं लागतात. वाचकांनीं तें अनादरानें घेतलें असें समजूं नये. कै. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला व पुढें बावीस खंडांपर्यंत ती माला नेली. खेडोपाडीं हिंडावें, माळ्यावरचे कागद झटकावे, मिळेल तें खाऊन मिळेल तेथें निजावें, हा त्यांचा क्रम. रावबहादुर पारसनीस साताऱ्यास बसून संग्रह करीत. सरदारांच्या व सरकारच्या घरीं त्यांस वाट मोकळी असे, आणि नाना फडणविसांचें मेणवलीचें दप्तर त्यांच्या हातीं आलें. वासुदेवशास्त्री खरे मिरजेस पटवर्धनांचे कागद घेऊन बसले होते. म्हणजे या वधाचा छडा लावण्यास जे तीन ढीग एकत्र पाहिजेत, त्यांपैकीं नानांचा एक साताऱ्यास, पटवर्धनांचा दुसरा मिरजेस, आणि खुद्द पेशव्यांचा तिसरा पुण्यास सरकारी कुलुपांत. राजवाडे व पारसनीस यांचें सख्य कधीं जमलें नाहीं. पहिल्यास दुसरा कागदांचा सावकार वाटे. दुसऱ्यास पहिला विक्षिप्त वाटे. दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य होतें, आणि म्हणूनच समेट झाला नाहीं. खरेशास्त्री तेवढे या भांडणांपासून अलिप्त राहून खंडामागून खंड काढीत गेले. त्यांचें ऋण आम्हांस सर्वांत अधिक वाटतें.

राजवाडे यांनीं १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें. पुढें आपणच लावलेल्या या झाडाशीं त्यांचें पटेनासें झालें. ते धुळ्यास गेले व ३१ डिसेंबर १९२६ रोजीं तेथेंच वारले. त्याआधीं जातींचा वाद उपटला होता. कायस्थ प्रभूंविषयीं राजवाडे यांनीं जें लिहिलें त्याचा समाचार केशव सीताराम ठाकरे यांनीं १९१८ सालीं ‘कोदंडाचा टणत्कार’ या पुस्तकानें घेतला, आणि लगेच १९१९ सालीं ग्रामण्यांचा इतिहासही लिहिला. हा वाद आमच्या विषयास परका नाहीं. नारायणरावांच्या अल्प कारकीर्दींत प्रभूंच्या वेदोक्त कर्मांवर निर्बंध घालण्यांत आले होते, आणि दादासाहेबांच्या पक्षाचा एक प्रमुख सरदार सखाराम हरि गुप्ते हा प्रभु होता. तेव्हां वधास पगाराच्या तंट्यापलीकडे कांहीं पार्श्वभूमि होती काय, हा प्रश्न रास्त होता. परंतु १९१८ नंतर हा प्रश्न विचारणारा प्रभूंचा द्वेष्टा ठरूं लागला आणि न विचारणारा ब्राह्मणांचा कैवारी. आम्ही ब्राह्मण घरांत जन्मलों व संस्कृतावर वाढलों. त्यामुळें आमचा कल कोणीकडे होता हें सांगावयास नको. वयाच्या पन्नाशीपर्यंत आम्हीं ठाकऱ्यांचें पुस्तक उघडलेंही नव्हतें. उघडल्यावर दिसलें तें असें कीं भाषा कठोर असली तरी पुष्कळ ठिकाणीं विचारलेले प्रश्न कागदाचेच आहेत.

मग पेशवे दप्तराचें प्रकरण. तीस-पस्तीस हजार रुमालांचा तो डोंगर. मंडळाची मागणी अशी कीं दप्तर अभ्यासकांस खुलें व्हावें. १९२९ सालीं सरकारनें निवड छापण्याचें काम रियासतकार सरदेसाई यांच्याकडे सोंपविलें. सर जदुनाथ सरकार यांचें पाठबळ त्यांस होतें. पुण्याच्या विद्वानांस तें झोंबलें. बडोद्याची नोकरी संपवून आलेल्या एका माणसानें आपल्या दोन डोळ्यांनीं निवडावें आणि महाराष्ट्रानें तेवढेंच खरें मानावें, हें त्यांस मानवेना. रियासतकारांनीं मात्र पांचसहा वर्षांत पंचेचाळीस भाग छापून पुरे केले. हें काम समितीच्या हातीं असतें तर तेवढ्या काळांत कदाचित् रुमालांची मोजणी झाली असती! सरकार-सरदेसाई यांचा पत्रव्यवहार पुढें छापला गेला. त्यांत पुणेकरांविषयीं जे उद्गार आहेत ते वाचून मन विषण्ण होतें. पुणेकर खासगींत काय बोलत असतील तें छापलें गेलें नाहीं, एवढाच फरक. दीपेश चक्रवर्ती यांनीं २०१५ सालीं इंग्रजींत लिहिलेल्या ग्रंथांत हा कलह सविस्तर मांडला आहे, आणि आम्हांस त्यांचा एक मुद्दा पटतो कीं हा केवळ स्वभावांचा झगडा नव्हता. दप्तर कोणाचें, सरकारचें कीं लोकांचें, हा तो प्रश्न होता.

येथें आमच्या गांवची एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. नोकरी संपल्यावर आम्ही हिवरे बाजार येथें घरीं येऊन राहिलों आहों. हें गांव पाण्याच्या ताळेबंदाबद्दल ख्यात आहे. पाऊस किती पडला, जमिनींत किती मुरला, त्यावर कोणतीं पिकें घेतां येतील, हें ग्रामसभेंत सर्वांसमक्ष मांडतात. भांडणें तेथेंही होतात. पण तीं आकड्यावर होतात, आणि आकडा सर्वांच्या डोळ्यांपुढें असतो. इतिहासाच्या कागदांस असें भाग्य क्वचितच लाभलें.

आतां आमचा वांटा. दादासाहेबांचा अंत आमच्याच जिल्ह्यांत झाला. सालबाईच्या तहानंतर ते गोदाकांठीं कोपरगांवीं येऊन राहिले व डिसेंबर १७८३ मध्यें तेथेंच वारले. त्यांचा वाडा तेथें आहे. त्या बाजूस आमचे एक स्नेही होते. महसूल खात्यांत कारकुनी करतां करतां ते जुन्या खतांवरून मोडी शिकले, आणि मोडी आम्हांहून शतपटीनें उत्तम वाचीत. आनंदीबाई निर्दोष आहे असा त्यांचा सिद्धान्त होता. त्यांचें म्हणणें असें : ‘ध चा मा’ या कथेनें फायदा कोणाचा होतो? दादासाहेबांचा! त्यांनीं तर केवळ धरावयास सांगितलें, मारावयास बायकोनें सांगितलें, असें ठरतें. बारभाईंस अशी कथा रचण्याचें कारण नाहीं; ती दादांच्या पक्षांतून निघाली असली पाहिजे, आणि एका बाईच्या माथीं मारून पुरुष मोकळे झाले. आम्हीं एका स्थानिक अंकांत त्यांचें खंडन केलें. खंडनांत कांहीं युक्तिवाद होता, तो आतां आठवतही नाहीं. एक वाक्य आठवतें, तें सर्वांस आठवतें. कारकुनानें खतें लिहावीं, इतिहास लिहूं नये, असें आम्हीं लिहिलें होतें. त्यानंतर नऊ वर्षें आमचें बोलणें झालें नाहीं. जिल्ह्यांतील इतिहासप्रेमी मंडळींत दोन तट पडले, सभा दोन होऊं लागल्या, आणि एका तटाजवळचे उतारे दुसऱ्यानें पाहिले नाहींत.

त्या अबोल्यांत त्यांचें एक कार्ड आलें. त्यांत भांडणाचा एक शब्द नव्हता. ‘प्रयोजक आणि अनुमन्ता यांच्या प्रायश्चित्तांत भेद काय? मिताक्षरा आमच्या आवांक्यांतली नाहीं. कळवावें,’ एवढेंच. आम्हीं उत्तर दिलें नाहीं. प्रश्नाचा रोख आम्हांस कळला नाहीं असें म्हणून आम्ही स्वतःस फसवीत होतों; खरें कारण असें कीं तो रोख कळून घेण्याची इच्छाच नव्हती. पुढें दोन वर्षांनीं ते वारले.

त्यानंतर एकदां सहज मिताक्षरेंतील प्रायश्चित्तप्रकरण काढलें, आणि कार्डाचा अर्थ लागला. शास्त्र ब्रह्महत्येच्या पातकांत केवळ हात चालविणाऱ्यास धरीत नाहीं. कर्ता, त्यास साह्य करणारा अनुग्राहक, प्रवृत्त करणारा प्रयोजक, संमति देणारा अनुमन्ता, आणि ज्याच्या निमित्तानें घडलें तो निमित्ती, असे सर्व त्यांत येतात. पण कर्त्याहून इतरांस उतरत्या प्रमाणानें प्रायश्चित्त आहे. शिवाय बुद्ध्या केलेली हत्या व अजाणतां घडलेली हत्या यांत भेद आहे : अजाणतां घडल्यास बारा वर्षांचें व्रत, बुद्ध्या केल्यास देहान्त. आतां डफाच्या त्या दोन गोष्टी शेजारीं ठेवा. दादासाहेबांनीं ‘धरावें’ एवढेंच लिहिलें आणि दुसऱ्यानेंच ‘मारावें’ केलें, हें जर रामशास्त्र्यांस पटलें असतें, तर दादासाहेब फार तर निमित्ती किंवा दूरचे प्रयोजक ठरतात आणि हत्या त्यांच्यापुरती अबुद्धिपूर्वक ठरते. त्यांस देहान्त सांगणें शास्त्राच्या बाहेरचें झालें असतें, आणि रामशास्त्री शास्त्राच्या बाहेर बोलणारा पुरुष नव्हता. म्हणून देहान्ताची गोष्ट खरी असेल, तर अक्षर फिरविल्याची सबब शास्त्रीबोवांनीं मान्य केली नव्हती. आणि अक्षराची गोष्ट खरी असेल, तर देहान्ताची गोष्ट मागाहून रचलेली असण्याचा संभव आहे. दोन्ही एकदम खऱ्या धरून चालणें कठीण आहे. आम्हीं मात्र तीस वर्षें वर्गांत त्या दोन्ही एकाच तासास शिकविल्या.

यावर कोणी म्हणेल कीं दादासाहेबांनीं मिठी मारलेल्या पुतण्यास सोडविलें नाहीं, हाच बुद्धिपूर्वक अपराध. तें खरें आहे. डफही दादासाहेबांच्या त्या वेळच्या वर्तनास दोष देतो. परंतु मग अक्षराची मातब्बरी तेवढीच कमी होते, आणि आनंदीबाईवरील आरोपाचा एकुलता एक आधार तेंच अक्षर आहे. बाई पतीच्या पश्चात् मुलांसह कोपरगांवीं व मग नाशिकनजीक आनंदवल्लीस राहिली आणि १७९४ सालीं वारली. ती कटांत नव्हतीच असें सिद्ध झालें असें आम्ही म्हणत नाहीं. आरोप सिद्ध झालेला नाहीं एवढें म्हणतों, आणि इतकें म्हणावयास आम्हांस एका माणसाच्या मृत्यूपर्यंत थांबावें लागलें. मोडी त्यांच्यापाशीं, मिताक्षरा आमच्यापाशीं. मध्यें एका बसचें भाडें.

गेल्या वर्षीं त्यांच्या चिरंजीवांनीं वडिलांची वही आम्हांस आणून दिली. आमच्या लेखाची त्यांस कल्पना होती कीं नव्हती, हें त्यांच्या बोलण्यावरून कळलें नाहीं. आम्हींही विचारलें नाहीं. वहींत वधाच्या दिवसाचा क्रम प्रहरवार लावलेला आहे, कोण कोठें होतें याचा तक्ता आहे, आणि प्रत्येक नोंदीपुढें तें कोणत्या छापील साधनांत आहे याचा पृष्ठांक आहे. दोन ठिकाणीं आमचे त्या अंकांतील मुद्दे उतरून घेऊन ‘हें म्हणणें बरोबर, आपली चूक’ असा शेरा त्यांनीं मारला आहे. शेवटल्या पानावर ‘मिताक्षरा : गुरुजींचें उत्तर येणें’ असें शीर्षक असून खालीं पान कोरें होतें.

तें पान आम्हीं वरील उताऱ्याच्या आधारें भरलें आहे व खालीं तारीख घातली आहे, म्हणजे कोणतें अक्षर कोणाचें याविषयीं पुढें घोंटाळा होऊं नये. वही मंडळाच्या दप्तरांत जमा केली आहे. मागेल त्यास पाहावयास मिळेल.